अथणीकर आधीच आत आहेत

बिंदुमाधव अथणीकरांना त्यांच्याच सोसायटीच्या फाटकाने आत घ्यायचं नाकारलं, तेव्हा गुरुवारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कडुगोडीच्या त्या रस्त्यावर भर दुपारी कुत्रंसुद्धा नव्हतं. अथणीकर खांबावरच्या यंत्रासमोर उभे राहिले, चष्मा काढला, हनुवटी वर केली. यंत्राने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मग पडदा लाल झाला. त्यावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये एकच वाक्य होतं : सदर रहिवासी आधीच आत आहेत.

अथणीकरांनी चष्मा लावून ते पुन्हा वाचलं. त्यांनी बावीस वर्षं एका लिफ्टच्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्यात घालवली होती, त्यामुळे छापील वाक्याबद्दल त्यांना उपजत आदर होता. पण या वाक्याचा आदर कसा करावा ते त्यांना कळेना.

केबिनमधून देवाप्पा बाहेर आला. हा सुपरवायझर गोकाकचा. मराठी माणूस दिसला की तो मराठीवर येई.

"सार, तुमी आत हाईसा," तो म्हणाला.

"अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय की वो. पण मिशीन म्हणतंय, एक चाळीसला आत आलासा. सोमवारपासनं नवा रूल हाय. एकदा आत आलेला मानूस बाहेर गेल्याबिगर परत आत येत न्हाई."

"मी दहा वाजता बाहेर गेलोय! डॉक्टरकडून येतोय!"

"मग एक चाळीसला आलासा, ते कोन?" देवाप्पाने विचारलं. त्याच्या आवाजात जराही उर्मटपणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

यावर तोडगा निघाला तो असा, की अथणीकरांनी स्वतःकडे पाहुणे म्हणून जावं. देवाप्पाने पाहुण्यांचा फॉर्म उघडला. कोणाकडे जायचंय? बी-७०४, बिंदुमाधव अथणीकर. नातं काय? अथणीकरांनी विचार करून 'निकटचे' असं सांगितलं. परवानगीची विचारणा त्यांच्याच फोनवर आली आणि त्यांनी स्वतःला आत यायची मुभा दिली. इथपर्यंत सगळं अपमानास्पद असलं तरी समजण्यासारखं होतं. मग देवाप्पाने हातातली टॅबलेट त्यांच्यापुढे धरली. "बघा की सार. फोटू निघतोय येताना."

एक वाजून चाळीस मिनिटांचा फोटो. मास्क हनुवटीखाली ओढलेला. गाल, नाक आणि कपाळ सोललेल्या डाळिंबासारखं लाल. पापण्या सुजलेल्या. ओठांच्या कडेला पांढरी सालं. आणि त्या सुजेच्या आतून दोन डोळे, कोणीतरी रागवेल या भीतीने बघणारे.

अथणीकरांना उन्हात थंडी वाजली. कारण तो चेहरा त्यांचाच होता. आजचा नव्हता, एप्रिलमधला.

एप्रिलमध्ये अथणीकर खरोखर तसे दिसत होते. गालावरचे दोन वांग घालवावेत एवढीच त्यांची माफक इच्छा होती. डिसेंबरात पुण्याला सिद्धीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न होतं. तळमजल्यावरच्या धनलक्ष्मी अक्कांनी आपल्या आनेकलच्या भावाकडची एक पांढरी डबी आणून दिली. डबीवर नाव नाही, गाव नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात लोक 'कुठला साबण' म्हणून विचारू लागले. दोन महिन्यांनी डबी संपली आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्याने सूड उगवला. नुसतं पाणी लागलं तरी आग. पंख्याचा वारा लागला तरी आग. सुचेता, म्हणजे त्यांची पत्नी, जवळ येऊन बोलली तर तिच्या श्वासाचीही आग. नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीने फाटकावर ते यंत्र बसवलं आणि सर्वांचे चेहरे नोंदवून घेतले.

डॉक्टर श्वेता हुल्याळांनी सांगितलं, त्या डबीत जोरदार स्टिरॉइड असणार. त्वचेला बाहेरच्या बाजूने एक कुंपण असतं, ते तुम्ही मोडलंत. मग चार महिने साबण बंद, अत्तर बंद, लिंबू, बेसन, हळद सगळं बंद, आणि फक्त एक बेचव मलम. अथणीकरांनी ते व्रत पाळलं. कुंपण भरून आलं. लाली गेली, आग गेली. वांग मात्र होते तिथेच होते, उलट थोडे गडद होऊन.

म्हणून त्या गुरुवारी ते लेझरबद्दल विचारायला गेले होते. आणि डॉक्टरांनी, अथणीकरांच्या मते अत्यंत हेकटपणाने, नाही म्हटलं होतं.

"त्वचा शांत दिसणं वेगळं आणि शांत असणं वेगळं," त्या म्हणाल्या. "अजून तीन महिने काहीही न चुरचुरता जाऊ देत. मग जबड्याखाली एका छोट्या ठिपक्यावर करून बघू आणि चार-सहा आठवडे थांबू. आपल्या सावळ्या कातडीत लेझरची उष्णता जास्त मुरते. आतून नाजूक असलेल्या कातडीवर घाई केली, तर भाजेल किंवा डाग दुप्पट काळा होईल."

"पण लग्न आठ डिसेंबरला आहे."

"तुमचं नाही ना?" डॉक्टर म्हणाल्या.

तर असा दुखावलेला माणूस घरी येत होता आणि फाटकाने त्याला सांगितलं की तो घरी आलेलाच आहे.

अथणीकर सातव्या मजल्यावर गेले ते पावलांचा आवाज न करता. दाराला कान लावला. मग किल्लीने दार उघडून त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, कपड्यांचं कपाटही उघडलं. कोणी नव्हतं. संध्याकाळी सुचेता शाळेतून आल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने पर्स ठेवता ठेवता ऐकलं.

"तो तुमच्यापेक्षा कमी बोलतो का?" तिने विचारलं.

"सुचेता, ही थट्टा नाही. तो माझा चेहरा आहे."

"यंत्र चुकलं असेल हो. अर्ज द्या आणि नवा चेहरा नोंदवा."

अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की नवा चेहरा नोंदवण्यासाठी जुना काढावा लागतो, आणि आत असलेल्या रहिवाशाचा चेहरा नियमाप्रमाणे काढता येत नाही. तरी आपण आधी बाहेर जावे. अथणीकर बाहेर गेले. तिथून त्यांनी देवाप्पाला सांगितलं, "आता काढ." देवाप्पाने टॅबलेट पाहिली आणि मान हलवली. "तुमी अजून आतच हाईसा सार." सीसीटीव्ही बघायला कमिटीच्या सेक्रेटरीची सही लागे आणि सेक्रेटरी मुलाकडे कॅनडाला गेले होते.

एरवी अशा प्रसंगी शेजारी धीर देतात. धनलक्ष्मी अक्कांनी लिफ्टमध्ये गाठून अथणीकरांना कन्नडमध्ये खडसावलं. "काय बिंदु सार, हल्ली ओळखसुद्धा देत नाही? परवा डी टॉवरच्या खाली मी हाक मारली, तुम्ही मान खाली घालून निघून गेलात. आणि फेस परत लाल झालाय तुमचा."

"अक्का, माझा चेहरा बघा. हा लाल आहे?"

अक्कांनी जवळ येऊन बघितलं आणि त्यांचा हात आपोआप लिफ्टच्या बटणाकडे गेला. "आता नाहीये," त्या हळूच म्हणाल्या आणि काही काम नसताना मधेच तिसऱ्यावर उतरून गेल्या.

यल्लव्वा भांडी घासायला आली, ती ओट्यापाशी न जाता दारातच थांबली. ती अथणीकरांकडे आणि डी टॉवरमध्ये, दोन्हीकडे कामाला होती. तिथले निम्मे फ्लॅट अजून रिकामे होते.

"सायेब, राग नगा मानू," ती म्हणाली. "मागल्या बुधवारी तुमी डी टावरच्या जिन्यात कशापायी बसला होतासा?"

मागल्या बुधवारी दिवसभर अथणीकर ऑफिसात एका मीटिंगला बसले होते. त्याला सोळा साक्षीदार होते.

"मी हाक मारली. तुमी उठलासा आन् तोंड भितीकडं करून हुबा ऱ्हायलासा. मी खाली जाईपतूर तसंच." तिने पदर सारखा केला. मग थोडा विचार करून म्हणाली, "साप कात टाकून फुडं जातोय. कात कुठं जाती, कुनी बगत न्हाई."

हे वाक्य अथणीकरांच्या डोक्यात घर करून बसलं. चार महिन्यांत त्यांच्या चेहऱ्याची किती सालं निघाली होती! उशीवर, टॉवेलवर, वॉश बेसिनमध्ये. ती सगळी कुठे गेली, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. सुशिक्षित माणसाने तसा विचार करायचाही नसतो. पण त्या दिवशी दाढी करताना ते आरशासमोरून जरा बाजूला सरकले आणि आरशातलाही वेळेवर सरकतो की नाही, ते त्यांनी तपासलं. सरकला. किंचित उशिरा सरकला असं त्यांना वाटलं, पण ते बहुधा चष्म्यामुळे असावं.

शनिवारी दुपारी दीड वाजता अथणीकर फाटकाजवळच्या बोगनवेलीमागे जाऊन उभे राहिले. पन्नाशी उलटलेल्या, प्रॉव्हिडंट फंड असलेल्या माणसाने झुडपामागे उभं राहणं शोभत नाही याची त्यांना जाणीव होती. म्हणून त्यांनी हातात एक बादली घेतली होती, म्हणजे झाडांना पाणी घालतोय असं वाटावं. बादली रिकामी होती.

एक चाळीसला तो आला.

पाठमोरा दिसला. तीच उंची. तोच डावा खांदा थोडा खाली. अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, अथणीकरांकडे आहे तसाच. त्याने मास्क खाली केला. यंत्राने क्षणभरही वेळ घेतला नाही. हिरवा दिवा लागला आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "वेलकम, बिंदुमाधव." आणि त्या माणसाने यंत्राला किंचित मान लववून नमस्कार केला.

तो नमस्कार बघून अथणीकरांच्या हातातली बादली गळून पडली. तो माणूस मागे न बघता डी टॉवरमध्ये शिरला.

अथणीकर मागोमाग गेले. लिफ्ट वर चालली होती. दहाव्या मजल्यावर थांबली. त्यांनी जिना धरला. डी टॉवरचा जिना कोणी वापरत नसे. प्रत्येक मजल्यावर बंद दारं, दारांवर अजून न काढलेलं प्लास्टिक, आणि वाऱ्याने ते प्लास्टिक आत-बाहेर होत होतं, जणू दारं श्वास घेत होती. सहाव्यावर अथणीकर थांबले. आठव्यावर बसले. नवव्यावर त्यांना स्वतःची धाप ऐकू येऊ लागली, आणि ती धाप थांबवून त्यांनी कान दिला तेव्हाही ती ऐकू येतच होती. वरून. अर्ध्या जिन्याच्या वळणावरून. कोणीतरी तोंडाने, सावकाश, दुखऱ्या माणसासारखा श्वास घेत होतं.

"कोण आहे?" अथणीकरांनी विचारलं.

श्वास थांबला. मग वरून मराठीत उत्तर आलं.

"कोणी नाही."

अथणीकर नऊ मजले कसे उतरले ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. घरी आल्यावर सुचेताने घामाबद्दल विचारलं तेव्हा ते 'व्यायाम' एवढंच म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी मनाशी ठरवलं. हे वांग, ही एप्रिलची शेवटची खूण, पूर्ण गेली पाहिजे. चेहरा एकदा कोराकरकरीत झाला, की त्या दुसऱ्याचा आपल्यावर काही हक्क उरणार नाही. या युक्तिवादात नक्की काय चुकतंय ते त्यांना सांगता आलं नसतं, पण घाबरलेल्या माणसाला युक्तिवादाची बांधणी तपासायला सवड नसते. लेझरच्या जागेचा पत्ता धनलक्ष्मी अक्कांनीच दिला, लिफ्टमध्ये, शक्य तितक्या लांब उभं राहून. होसकोटेला. एका सिटिंगमध्ये काम. "आनेकलच्या भावाच्या ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या. खरं तर इथेच अथणीकरांनी थांबायला हवं होतं.

सुचेताला न सांगता, मंगळवारी ऑफिसला अर्ध्या दिवसाची दांडी मारून ते टॅक्सीने होसकोटेला गेले. फरशांच्या एका दुकानावर दुसरा मजला. खाली दुकानाच्या दारात दिसायला नुसत्या फरशा, माणूस नाही. वर एक लांबलचक खोली, हिरव्या पडद्यांनी कप्पे केलेली. सगळीकडे चेहऱ्यांचे फोटो होते, 'आधी' आणि 'नंतर'. अथणीकरांनी निरखून पाहिलं. सगळ्या 'नंतर'च्या फोटोंत एकच बाई होती.

पांढरा कोट घातलेल्या एका धिप्पाड गृहस्थाने फॉर्म पुढे केला. फॉर्मवर बरेच प्रश्न होते आणि सगळ्यांच्या पुढे 'नाही'वर आधीच छापील खुणा होत्या. स्टिरॉइड मलम वापरलं आहे का, नाही. त्वचा अलीकडे भाजली, सोलली आहे का, नाही. गरोदर आहात का, नाही. यातल्या शेवटच्या उत्तराशी अथणीकर सहमत होते.

"पहिल्या दोनची उत्तरं हो आहेत," ते म्हणाले.

"सार, तुम्ही फक्त खाली सही करायची," कोटवाले हिंदीत म्हणाले.

"आपण डॉक्टर का?"

"डॉक्टर येतील."

"कधी?"

"ते येत असतात."

एवढ्यावर कोणताही शहाणा माणूस उठला असता. पण अथणीकरांना जिन्यातला तो श्वास आठवला आणि त्यांनी सही केली. त्यांना एका कप्प्यात आडवं केलं. डोळ्यांवर धातूच्या दोन वाट्या बसवून वर पट्टा आवळला. सगळं काळं झालं. तोंडावर थंडगार जेल फासलं गेलं. आणि बरं झालेल्या, शांत झालेल्या, चार महिने जपलेल्या त्यांच्या गालावर ते जेल चुरचुरलं. अगदी थोडं. कोणाला सांगितलंही नसतं, इतकं थोडं.

"दोन मिनिटं थांबा सार, बाजूचे संपवून येतो," कोटवाल्यांचा आवाज लांब गेला.

अंधारात अथणीकर पडून राहिले. पडद्यापलीकडे एक यंत्र गुणगुणू लागलं. मग टिक. मग केस जळल्याचा वास. पुन्हा टिक. आणि दोन टिकांच्या मधे अथणीकरांना तो श्वास ऐकू आला. तोंडाने घेतलेला, सावकाश, दुखरा. हाताच्या अंतरावर.

आपण इथे आलो, तर तोही आला. आपण आडवे झालो, तर तोही झाला. टिक.

"जळते जी," तो आवाज म्हणाला. "लय जळते."

"नॉर्मल सार, नॉर्मल."

"नाही जी, आग होऊन राहिली."

आणि इथे अथणीकरांच्या मनात भीतीखालून काहीतरी वर आलं. कातेला आग होत नाही, हे त्यांना उमगलं. आग होते ती जिवंत कातडीला. ती आग त्यांना मीठ-मिरचीसारखी चवीने पाठ होती. जगात त्या आगीचा दुसरा जाणकार असलाच तर तो पडद्यापलीकडे पडला होता, आणि त्याला कोणीतरी नॉर्मल म्हणून सांगत होतं.

त्यांनी वाट्या ओढून काढल्या आणि पडदा सारला.

"बंद करा!" ते ओरडले. "लेझर चालू असताना इथे उघड्या डोळ्यांचा माणूस उभा आहे! आधी बंद करा!"

कोटवाल्यांनी दचकून यंत्र बंद केलं. खाटेवर, डोळ्यांवर वाट्या बांधून, एप्रिलमधले बिंदुमाधव अथणीकर आडवे पडले होते. तेच सोललेलं डाळिंब, तीच सालं. डाव्या गालावर तीन ताजे, करडे ठिपके उठले होते आणि त्यांच्या कडा फुगत होत्या. पण जवळून पाहिल्यावर नाक वेगळं निघालं. कान वेगळे. हनुवटीवर लहानपणीच्या जखमेचा व्रण होता. भूत नव्हतं, कोणीतरी बापडा माणूस होता.

"उठा," अथणीकर त्याला म्हणाले. "तुमच्या त्वचेचं कुंपण मोडलंय. त्यावर लेझर करायचं नसतं. आधी ते भरून यायला हवं, मग ते काही महिने शांत राहायला हवं, मग जबड्याखाली एक ठिपका, मग चार-सहा आठवडे थांबायचं." ज्या बोलण्यासाठी पाच दिवसांपूर्वी त्यांनी डॉक्टर हुल्याळांना मनोमन हेकट ठरवलं होतं, ते त्यांनी शब्द न गाळता म्हणून दाखवलं.

त्या माणसाने वाट्या काढल्या आणि अथणीकरांना बघून तो खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

"तुम्ही," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी जिन्यात माह्या मागं आले होते."

"मी बिंदुमाधव अथणीकर."

त्या सुजलेल्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आणि मग भयंकर शरम उमटली. "अरे देवा," तो म्हणाला. "तुमचं नाव आहे का ते?"

टॅक्सीत गालावर पाण्याचा गार रुमाल धरून त्याने सगळं सांगितलं. विठोजी ठोंबरे, यवतमाळचे. शाळेतून निवृत्त. डी-१००३ मध्ये मुलाकडे आलेले. मुलगा त्यांचा चेहरा नोंदवायला विसरला होता, म्हणून ते आधी पाहुण्यांच्या फॉर्मवर आत येत; पण चेहरा सोलल्यावर एक दिवस फाटक आपणहून उघडलं. 'वेलकम' नंतर ती बाई काहीतरी म्हणायची, ते यवतमाळच्या कानाला नीट लागत नव्हतं. वाटलं, इकडची रीत असेल. डबी धनलक्ष्मी अक्कांनीच लिफ्टमध्ये दिली होती, मोठ्या मायेने. ती संपली, आग झाली, म्हणून आनेकलला जाऊन आणखी एक आणली; होसकोटेचा पत्ताही तिथेच मिळाला. आता ती लावली तरी आग आणि न लावली तरी आग.

"आणि जिन्यात का बसता?"

विठोजींनी रुमाल उलटा केला. "माही नात आहे जी. इरा. दोन वर्षांची. मले पाहून रडते. किंचाळते अगदी. दुपारी ती झोपली की सून मेसेज करते, मग मी घरात जातो. तोवर कुठं बसू? ती भांड्यावाली बाई आली, ते बी घाबरंल म्हणून मी तोंड भितीकडं केलं." मग म्हणाले, "लेझरनं एका दिवसात साफ होते म्हणे. म्हटलं, पोरीच्या वाढदिवसाआधी होऊन जाईल."

बोगनवेलीमागे बादली घेऊन उभ्या राहिलेल्या स्वतःची अथणीकरांना आठवण झाली आणि कान तापले.

डॉक्टर श्वेतांनी त्या तीन ठिपक्यांकडे बराच वेळ पाहिलं. "अजून दहा मिनिटं चाललं असतं तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. मग अथणीकरांच्या गालावर वाळलेल्या जेलकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि तुम्ही तिथे काय करत होता?"

"यांना शोधायला गेलो होतो," अथणीकर म्हणाले. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. घरी सुचेताचा तर मुळीच बसला नाही.

पुढचे महिने तसे नीरस गेले, आणि नीरस जाणं हाच त्यावरचा इलाज होता. डबी एकदम न तोडता डॉक्टर सांगतील तशी सुटली. विठोजींचं लालीचं वादळ दोनदा उठलं आणि बसलं. अथणीकर रोज संध्याकाळी डी-१००३ मध्ये जात, साबण लपवला आहे का बघत, बेसन कपाटात वरच्या फळीवर ठेवायला लावत. विठोजींच्या सुनेला त्यांचा धाक वाटू लागला. धनलक्ष्मी अक्कांना सगळं कळलं तेव्हा त्या दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या बसने आनेकलला गेल्या आणि भावाला त्याच्या दारात उभं राहून जे बोलल्या, ते ऐकायला गल्ली जमली होती म्हणतात. होसकोटेच्या त्या जागेची डॉक्टरांनी तक्रार केली. चौकशीला माणसं गेली तेव्हा वर नुसते हिरवे पडदे होते आणि खालचे फरशीवाले म्हणाले, वर तर कधी कोणी नव्हतंच.

डिसेंबरात सिद्धीचं लग्न झालं. अथणीकर वांगांसकट उभे राहिले. त्यांच्या जबड्याखालचा ठिपका नोव्हेंबरच्या शेवटी केला होता, तो अजून आपला रंग ठरवत होता. वरपक्षापैकी एकानेही त्यांच्या गालाकडे पाहिलं नाही. याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं, कारण आठ महिने त्यांनी दुसऱ्या कशाकडे पाहिलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी अथणीकर पती-पत्नी तिळगूळ घेऊन डी-१००३ मध्ये गेले. विठोजी सोफ्यावर बसले होते. चेहरा गव्हाळ, थोडा कोरडा. तीन ठिपके तपकिरी उरले होते, ते वर्षभर राहतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इरा आईच्या मागे उभी होती. ती आता रडत नसे. नुसती लांबून बघत बसे. आईने तिच्या हातात बिस्किट दिलं. ते चोखत चोखत ती सोफ्यापाशी आली, थांबली आणि आजोबांच्या मांडीवर चढली. मग तिने त्या तीन ठिपक्यांकडे निरखून पाहिलं आणि बिस्किटाने बरबटलेला सगळा पंजा त्यांच्या डाव्या गालावर दाबला.

साखर, दूध, मैदा, शिवाय कसलातरी वास. अथणीकर ताडकन पुढे झुकले. त्यांचं तोंड उघडलंही होतं. सुचेताने त्यांच्या पायावर पाय दिला आणि तो तिथेच ठेवला.

विठोजी हलले नाहीत. डोळे मिटून ते वाट बघत होते, पाच महिन्यांच्या सवयीने. इराने दुसराही हात लावला.

"जळत नाही," ते म्हणाले. मग डोळे उघडून, कोणाला तरी खात्री द्यावी तसं त्यांनी पुन्हा म्हटलं, "खरंच. जळत नाही जी."